इमान धरून सांग

गेल्या महिन्यात पुण्याला लेकीकडे गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून एका खेळण्यांच्या दुकानात शिरले. वरच्या फळीवर मला हवा तो खोका दिसला. जुन्या लढाईतलं, एका इंजिनाचं, सुटे भाग जोडून करायचं प्लास्टिकचं विमान. दुकानदाराने खोका काढून दिला, माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि साखर पेरलेल्या आवाजात विचारलं, "नातवासाठी का काकू?"

"नाही. माझ्यासाठी."

तो हसला. मी हसले नाही. मग त्याला वाटलं असावं की काकूंना नीट कळलं नाही. त्याने खोक्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवून सांगितलं, की हे सात वर्षांपासून पुढच्यांसाठी आहे. मी म्हटलं, "बघ, मी पुढेच आहे की." तो बिचारा बिल करायला लागला.

हा प्रश्न मला जन्मभर विचारला गेलाय. आधी 'भावासाठी का?' होता, मग 'मुलासाठी का?' झाला, आता 'नातवासाठी का?' आहे. प्रश्न विचारणाऱ्यांना माझा राग कळत नाही. एवढ्याशा गोष्टीवरून बाई का उखडतात, असं त्यांना वाटतं. गोष्ट एवढीशी नाही. ती कशी सुरू झाली ते सांगते, मग ठरवा.

आम्ही जळगावला पिंप्राळ्यात राहायचो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो, सरकारी कचेरीत होते. आई, थोरला भाऊ म्हणजे आमचा दादा, आणि मी. आईचं माहेर धुळ्याकडचं, नरडाण्याच्या जवळचं एक खेडं. तिचा धाकटा भाऊ, आमचा मामा, मुंबईला गोदीत कामाला होता. दिवाळीला तो आला की त्याच्या पिशवीतून परदेशी साबणाचा वास यायचा. दादासाठी काहीतरी खास असायचं आणि माझ्यासाठी रिबिनी. रिबिनी वाईट नव्हत्या. पण दर दिवाळीला रिबिनी? माझी वेणी काय आगगाडीएवढी होती?

त्या दिवाळीला दादासाठी एक चपटा खोका आला. वर चित्र असं की बघत राहावं: ढगांतून एक विमान तिरकं झेपावतंय, पंखांतून ज्वाळा निघताहेत, खाली समुद्र. दादाने खोका छातीशी धरला, गल्लीतल्या दोन मित्रांना हाक मारली आणि सगळ्यांच्या देखत झाकण उघडलं.

आत विमान नव्हतं. करड्या प्लास्टिकच्या काड्यांच्या चौकटी होत्या आणि त्या काड्यांना लटकलेले तुकडे. अर्धा पंख इकडे, अर्धं पोट तिकडे, एक चाक, एक शेपूट. दादा आधी नुसता बघत राहिला. मग त्याने भोकाड पसरलं.

"मामानं तुटकं विमान आणलं!"

आई पदराला हात पुसत धावत आली. तिने खोक्यात डोकावून पाहिलं आणि भावाकडे वळून माहेरच्या बोलीत म्हणाली, "पाहीसन लेवानं ना भाऊ."

मामाचा चेहरा उतरला. "माले फसाडं वं अक्का त्यासनी," तो म्हणाला. बोटीवरच्या कुणा खलाशाकडून त्याने तो खोका घेतला होता. नानांनीही एक तुकडा उचलून उलटापालटा केला आणि प्रवासात आदळआपट झाली असेल असं मत दिलं.

हसू नका. विकत घेतलेली वस्तू आपणच जोडायची असते हे आमच्या कुणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. सुतार पाट देतो तो जोडून देतो, हातात फळ्या ठेवून निघून जात नाही. तेव्हापासून नात्यात मामाचं नाव झालं ते 'तुटकं आणणारा' म्हणून. तो कुठेही काही घेऊन गेला की कुणीतरी विचारायचंच, साबूत शे ना? भावाने आणलेली वस्तू फेकायची कशी म्हणून आईने खोका माळ्यावर टाकला.

थंडी पडली तेव्हा गोधड्या काढायला मला माळ्यावर चढवलं. खोका हाताला लागला. मी तिथेच, गोधड्यांच्या ढिगावर बसून तो उघडला. तळाशी एक घडी घातलेला कागद होता, तो दिवाळीच्या गोंधळात कुणी उलगडलाच नव्हता. त्यावर आकडे होते, बाण होते, आणि तुकडे एकमेकांत कसे बसतात त्याची चित्रं. इंग्रजी मला तेव्हा जेमतेम यायचं, पण आकड्यांना कुठे भाषा असते? चित्रातला एकचा तुकडा मी काडीवर शोधला. सापडला. त्याच्याशेजारी दोनचा. तो एकात अगदी बरोबर बसला.

मी माळ्यावरून ओरडले, "आई, हे तुटलेलं नाही! जोडायचं राहिलंय!"

"गोधड्या टाक खाली," आई म्हणाली.

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "कचरा आहे तो. तुला हवा तर घे." हे वाक्य लक्षात ठेवा. मी तर कधीच विसरले नाही.

सोबत डिंकाची एक ट्यूब होती, पण ती दगड झाली होती. मग माझे प्रयोग सुरू झाले. कडुलिंबाचा डिंक लावला. सकाळी पंख खाली पडलेला. सायकलवाल्याकडून पंक्चरचं सुलोचन आणलं, म्हणजे ज्याला शिकलेले लोक सोल्युशन म्हणतात ते. सुलोचनने माझी बोटं एकमेकांना चिकटली, माझा फ्रॉक खुर्चीला चिकटला, विमान मात्र विमानाला चिकटेना. आई म्हणाली, "सोड आता तो नाद." मी सोडला नाही. नाद सोड म्हटलं की मला नाद जास्त लागतो, हा माझा स्वभाव आहे आणि तो माझ्या सासरच्यांनाही माहीत आहे.

नानांच्या स्कूटरच्या नंबरप्लेटला रंग द्यायचा होता, म्हणून त्यांच्याबरोबर मी चौकातल्या पेंटरकडे गेले. तो पाट्या, ट्रकचे फाळके, निवडणुकीच्या भिंती असं सगळं रंगवायचा. त्याचा प्लास्टिकचा कंगवा थिनरच्या डब्यात पडला होता आणि तो त्याला शिव्या घालत काढत होता. कंगव्याचे दात विरघळून डब्याच्या कडेला घट्ट चिकटले होते. नाना आणि पेंटर डब्याला चिकटलेल्या कंगव्याला हसत होते. मी हसत नव्हते. जे प्लास्टिकला विरघळवतं ते प्लास्टिकला जोडेलही, एवढं सरळ गणित माझ्या डोक्यात लखकन उजळलं होतं. औषधाच्या रिकाम्या बाटलीत मी थोडं थिनर मागून घेतलं. पेंटरने विचारलं, "कशाला? भावाला पाहिजे का?"

तेव्हापासून हा प्रश्न आहे.

थिनर चाललं. नुसतं चाललं नाही, पळालं. दोन तुकडे एकमेकांना लावायचे, फटीवरून ओला कुंचला फिरवायचा, दाबून धरायचं, वरून वाळत घालायच्या कपड्यांचे चिमटे लावायचे. उरलेल्या काड्यांचे बारीक तुकडे थिनरमध्ये भिजवले की त्यांची लापशी होते आणि ती फटीत भरता येते, हे मी माझं मी शोधलं. नानांच्या जुन्या पात्याने तुकडे कापायचे आणि काडेपेटीच्या खरखरीत बाजूवर घासायचे. घरभर थिनरचा वास. अभ्यास करताना अंगठ्याला चिकटलेलं प्लास्टिक सोलत बसायची मी. इतका आनंद मला आधी कशानेच झाला नव्हता, आणि तो कुणाशी वाटून घ्यावा असंही वाटत नव्हतं.

काचेच्या टोपीखाली बसवायला एक वैमानिक होता, हरभऱ्याच्या घाट्याएवढा. त्याच्या टोपीला मी काजळ लावलं. मग आईच्या करंड्यातून टाचणीच्या टोकावर कुंकू घेतलं आणि त्याच्या कपाळावर ठिपका दिला. म्हणजे 'तो' नाही, 'ती' झाली. वरून काच चिकटवून टाकली. आता कुणी पुसू म्हटलं तरी पुसता येणार नव्हतं.

आई विमानाला इमान म्हणायची. खानदेशात विहिरीची इहीर होते, तुटलेल्याचं तुटेल, आणलेल्याचं लयेल, सगळ्याचं बठ्ठं, तसं विमानाचं इमान. शाळेत मी एकदा बोलता बोलता 'माझं इमान' म्हणाले तर वर्ग खो खो हसला आणि बाई म्हणाल्या, "विमान म्हण. इमान म्हणजे सचोटी." मी म्हटलं, "दोन्ही म्हणजे इमान." बाईंनी मला बाकावर उभं केलं. उभी राहिले. शब्द बदलला नाही.

मग आली आखाजी. बाकीचा महाराष्ट्र तिला अक्षय्य तृतीया म्हणतो आणि सोनं घेतो. आमच्याकडे ती लेकींची. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, फुगड्या घालतात, आमरस आणि सांजोऱ्या खातात. वर्षभर मान खाली घालून वावरणारी बाई त्या दिवसांत झोक्यावर उभी राहून शेंड्यापर्यंत जाते आणि तिला कुणी काही बोलत नाही. आम्ही आईबरोबर पॅसेंजरने नरडाण्याला उतरलो आणि तिथून बैलगाडीने गावी. माझ्या मांडीवर चपलांचा खोका होता आणि खोक्यात इमान. मामाही मुंबईहून येणार होता. त्याला दाखवायचं होतं, की मामा, तू तुटकं आणलं नव्हतंस.

रंगाचा शेवटचा हात राहिला होता. पेंटरने डब्याच्या तळचा हिरवा रंग दिला होता. तो मी गावी पोचल्यावर दिला आणि इमान वाळायला धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, ठेवलं. दुसरं काय करणार? आमच्याकडे उन्हाळ्यात वाळवायचं म्हणजे धाब्यावर. ज्वारीच्या पापडांसारखे बिबडे, कुरडया, वड्या, मिरच्या, सगळं तिथेच. बिबड्यांच्या रांगेत एका बाजूला इमान ठेवलं आणि झोक्यावर गेले. बिबड्याला जे ऊन चालतं ते इमानाला चालत नाही, हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. तो कागद छापणाऱ्यांनी खानदेशातलं ऊन कुठे पाहिलं होतं?

परत आले तर डावा पंख सुपाच्या सावलीत होता म्हणून ताठ होता. उजवा उन्हात होता. तो टोकाकडून खाली कलला होता, दमलेल्या बैलाच्या कानासारखा. बिबडे उलटायला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. खाली ओट्यावर आईचे वडील बसले होते, आमचे आबा. गावातले तंटे त्यांच्या ओट्यावर मिटायचे. त्यांनी मान वर करून विचारलं, "इमान वाकनं का वं पोरी?"

"वाकनं. मोडनं नही," मी म्हटलं.

आबा मिशीत हसले.

दुसऱ्या दिवशी मामा आला. पाय धुऊन ओट्यावर टेकतो न टेकतो तोच मी इमान त्याच्यासमोर धरलं. त्याने ते हातात घेतलं, पंखा फिरवला, चाक फिरवलं. सहा महिने नातेवाइकांनी छळलेल्या माणसाचा चेहरा असा उजळला, की मला भरून आलं. "हाई ते तुटेल? आरे बठ्ठा माले हासनात!" तो ओरडला, आणि वळून त्याने दादाच्या पाठीवर थाप मारली. "वा रे भाचा! काय इमान बनाडं!"

मी दादाकडे बघितलं. दादा म्हणेल, मी नाही, हिने. एवढंच तर म्हणायचं होतं.

दादाने इमान मामाच्या हातातून घेतलं. गावातली पोरं जमली होती. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, खरंच तू केलं? दादाने मान हलवली. होकारार्थी. मग तो इमान घेऊन पोरांबरोबर चालायला लागला.

मी किंचाळले. मुलीने किंचाळू नये असं जेवढ्या जोराने सांगितलं जातं तेवढ्या जोराने किंचाळले. झोके थांबले. आई आतून आली. तिला काय झालं ते कळलं आणि ती हळू आवाजात म्हणाली, "दे वं त्याले. त्यानाकरताच लयेल व्हतं ना मामानी. पोरीले कसाले जोयजे इमान?"

आईवर मी कितीतरी वेळा रागावले असेन, पण त्या वाक्याइतकी कधीच नाही. दादाने माझी वस्तू घेतली याचं दुःख एका बाजूला. पण मला ती कशाला हवी, असं आईने विचारावं? थिनरच्या वासाने डोकं दुखतं म्हणून कुरकुरत असतानाही माझ्या चिमट्यांना हात न लावणारी आई ती. तिने सगळं पाहिलं होतं.

आबांनी दोघांना ओट्यावर बोलावलं. समोर माणसं होती, दारात बाया होत्या. आबांची न्यायाची एक रीत होती. ज्या वस्तूवरून तंटा, ती बोलणाऱ्याच्या हातात द्यायची आणि मग विचारायचं. खोटं बोलताना हात थरथरतो, असं ते म्हणायचे. त्यांनी दादाला सांगितलं, "हातमा धर. आते इमान धरीसन सांग, हाई कोनं शे?"

काही बाया हसल्या, कारण इमान धरून सांगणं म्हणजे सचोटीने सांगणं आणि पोराच्या हातात खरंच इमान होतं. आबा हसले नाहीत.

"मनं," दादा म्हणाला, म्हणजे माझं. "मामानी माले लयेल व्हतं."

यात खोटं काय होतं? काहीच नाही. म्हणून तर मला जास्त संताप आला. आबांनी मामाकडे बघितलं. मामा माझ्याकडे न बघता म्हणाला, "हां आबा. भाचाकरताच लयेल व्हतं."

"मंग सरनं," आबा म्हणाले.

"सरनं नही!" मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "मामा, तू आते इमान धरीसन सांग. तू काय लयेल व्हतं? इमान लयेल व्हतं का तुटेल?"

मामा घुटमळला. सहा महिने सगळ्यांनीच त्याला ऐकवलं होतं ते. दारातल्या बायांनी तर जास्तच. आता भरल्या ओट्यावर त्यांना खोटं पाडायचं कसं?

"तुटेलच व्हतं ते," तो म्हणाला.

"मग त्याला दिलं ते तुटकं. आणि तेही तो कचरा म्हणाला. तुकडे त्याचे होते, इमान माझं आहे." शुद्ध भाषा आणि गावची भाषा यांचा काला करून मी भांडत होते. मी पुढे होऊन पंखाला धरलं. दादाने ओढलं. मी सोडलं नाही. तो मोठा होता, मी हट्टी होते.

कट्कन आवाज झाला. वाकलेला उजवा पंख माझ्या हातात राहिला. काचेची टोपी उडाली आणि ओट्याच्या पायरीवरून कुठेतरी घरंगळत गेली.

दादाने हातातल्या धडाकडे बघितलं, समोर उभ्या पोरांकडे बघितलं, आणि त्याचं नाक लाल झालं. "मोडलं," तो म्हणाला. "घ्या. मला नको आता." त्याने ते ओट्यावर टाकून दिलं.

मग आबांनी ते उचललं, दोन्ही तळहातांवर घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आते हाई तुटेल कोनले जोयजे?"

"माले," मी म्हटलं.

त्यांनी दादाकडे बघितलं. दादा दुसरीकडे बघत होता.

"मंग इमान हिनं," आबा म्हणाले. "आते सरनं."

मला आनंद व्हायला हवा होता. मी रडले. पंख हातात घेऊन, आखाजीच्या दिवशी, सगळ्या गावासमोर हुंदके देऊन रडले. पण रडताना मान खाली घातली नाही.

परतीच्या पॅसेंजरमध्ये चपलांचा खोका आईने स्वतःच्या मांडीवर घेतला होता. खिडकीतून फुफाटा येत होता, लोक अंगावर येत होते, पण तिने तो खाली ठेवला नाही. मी तिच्याशी बोलत नव्हते. पिंप्राळ्याला घरी पोचलो, तिने खोका माझ्यासमोर ठेवला आणि पदराच्या टोकाची गाठ सोडायला लागली. मला वाटलं, प्रसादाचं काही असेल. गाठीतून काचेची टोपी निघाली आणि तिच्यासोबत तो हरभऱ्याच्या घाट्याएवढा वैमानिक. ओट्याखाली वाकून, सगळे पांगल्यावर, तिने तो शोधला होता.

तिने त्याला डोळ्यांजवळ धरलं. कुंकवाचा ठिपका शाबूत होता.

"हाई बाई शे का वं?" तिने विचारलं.

"हो."

आई बराच वेळ त्या बाईकडे बघत होती. मग तिला माझ्या तळहातावर ठेवत म्हणाली, "पहिले हिले बसाड. मंग पंख लाव."

त्यानंतर 'सोड तो नाद' असं मला कुणी म्हटलं नाही. मामा पुढच्या दिवाळीला आला तो दारातूनच ओरडत, "भाची, पाहीसन लयेल शे! बठ्ठं पूरं तुटेल शे!" रिबिनींचा जमाना संपला. दादा आणि मी भांडणं करत, अभ्यास करत मोठे झालो, पण त्या ओट्याबद्दल एक शब्दही कधी बोललो नाही. वाकडा पंख गरम पाण्यात धरून सरळ करता येतो, हे मला पुढे कळलं. मी केला नाही. तो ज्या उन्हात वाकला ते माझं ऊन होतं.

नव्वदच्या दशकात माझं लग्न ठरलं, स्थळ धुळ्याचं. घरात रुखवताची घाई सुरू झाली. नवरीच्या हातचं काम लग्नात मांडायचं असतं, नवऱ्याकडचे येऊन बघतात आणि मनातल्या मनात गुण देतात. काकवा-माम्यांनी मोत्यांचा पोपट केला, सुपारीचे भटजी केले, लोकरीचं तोरण केलं, आणि हे सगळं माझ्या नावावर खपवायचं ठरलं. मला सुईत दोरा ओवता येत नव्हता हे सगळ्यांना ठाऊक होतं.

लग्नाच्या सकाळी आईने माझ्या पेटीतून चपलांचा खोका काढला. माझ्याकडे तोवर किती तरी चांगली विमानं झाली होती, नीट रंगवलेली, ताठ पंखांची. मी म्हटलं, "अगं, मांडायचंच तर दुसरं मांड." ती म्हणाली, "हाईच." एका काकूने विचारलं, रुखवतात इमान? आणि तेही वाकडं? आईने लाडवांचं ताट बाजूला सरकवलं आणि बरोबर मध्ये ते ठेवलं. पोरं हात लावतील म्हणून दादाला राखणीला उभं केलं. दादा तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता.

मी शेजारच्या खोलीत पाटावर बसले होते. मुंडावळ्या बांधलेल्या, हिरवा चुडा, आणि नजर जमिनीकडे ठेवायची अशी सक्त ताकीद. दार अर्धं उघडं होतं आणि मी मान न उचलता तिरक्या नजरेने बघत होते. नवरदेवाचे काका रुखवत बघत बघत इमानापाशी थांबले. त्यांनी वाकून पाहिलं, काचेखालच्या बाईला पाहिलं की नाही कोण जाणे, आणि सरळ होऊन दादाच्या पाठीवर थाप मारली. "वा! हे मात्र तुमचं काम दिसतंय, इंजिनिअर साहेब."

तीच थाप, तेच वाक्य, भोवती तशीच माणसं. मामा होता, आई होती, काठी टेकून आबाही आले होते.

दादाने इमान उचललं. पंखाला न धरता, खालून, दोन्ही तळहातांवर घेतलं.

"इमान धरीसन सांगस, काका," तो म्हणाला. इतक्या मोठ्याने, की मांडवातलं बोलणं थांबलं. "हाई तिनं शे. पहिल्यापासून तिनंच."

नवरीने मान खाली घालून बसायचं असतं. मी वर बघितलं, आणि बघत राहिले.